नववी मूठ

भिकनभाऊ,

आज दुपारी चार वाजता फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच, एवढं मलाही कळतं. तरी पावणेचारपासून मी परात पुढ्यात घेऊन बसले होते आणि कान सगळा फोनकडं. तुमचे दादा खुर्चीतून म्हणाले, "आते कोन करी फोन?" मी त्यांच्यावर खेकसले. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, आणि पंचेचाळीस वर्षांत ते मला कधी उलटून बोलले नाहीत तेही ठाऊक आहे.

श्रावणातला हा शनिवार म्हणजे आपला रोटाचे गहू मोजायचा दिवस. उद्या कानबाई बसेल, परवा तिला नदीवर पोचवायची. तुम्ही ऑस्ट्रेलियात गेलात त्या वर्षापासून या दुपारी तुमचा फोन कधी चुकला नाही. नमस्कार नाही, कशा आहात नाही, पहिलं वाक्य ठरलेलं. "वहिनी, कितल्या मुठी व्हयन्यात?" तिकडच्या संसदेत तुम्ही काय इंग्रजी झाडत असाल ते असाल, किती मुठी झाल्या हे मात्र अहिराणीतच यायचं, आणि असं यायचं की जणू शेजारच्या खळ्यातून विचारताय.

तुम्ही गेल्यावर इथल्या पेपरात पुष्कळ छापून आलं. शिंदखेड्याकडचा मुलगा, धुळ्याचं शेतकी कॉलेज, हरभऱ्यावरचं संशोधन, परक्या देशात खासदार. फोटोही बरा होता. ते सगळं त्यांचं त्यांनी लिहिलं. मला लिहायचंय ते दुसरंच आहे. भिकनभाऊ, सात वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले. फोनवर सात वेळा आणि तोंडावर एकदा. कधीतरी सांगीन, रडून नाही तर भांडून, पण सांगीन, असं मनात धरून होते. तुम्ही थांबला नाहीत.

नीरा तुमच्या अस्थी घेऊन आली तेव्हा मी ठरवलं होतं, पोरीसमोर रडायचं नाही. मुडावदला नेलं तिला, पांझरा तापीला मिळते तिथं. तिनं दोन्ही हात पाण्यात घातले आणि कितीतरी वेळ बाहेरच काढले नाहीत. गुलाबभाऊ मला हळूच म्हणाले, "बाप शे ना." तुमचे चुलतभाऊ, पण त्या दिवशी सख्ख्यापेक्षा जास्त रडले. मग घरी आल्यावर नीरानं विचारलं, "मोठी आई, बाबा दरवर्षी फोनवर मुठी-मुठी काय विचारायचे?"

आता तिला कसं सांगायचं? सांगितलं आपलं सोपं करून. कानबाई आपल्या कुळाची देवी, नारळात बसते. ती येते तेव्हा रोट करायचा. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं गव्हाची सव्वा मूठ परातीत टाकायची. तेवढ्याच गव्हाचं पीठ, तेवढ्याच पिठाच्या पोळ्या, आणि त्या खायच्या फक्त घरच्यांनी. बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा, मग तो कुठंही असो. गेलेल्या माणसाची मूठ मात्र नसते.

"आणि माझी मूठ?" तिनं विचारलं.

"बायकांची नसते."

"का?"

 तिच्या बापाला तरी मी कुठं उत्तर दिलं होतं? तुम्ही कॉलेजात असताना चुलीशी बसून हेच विचारायचात. मोजणारी बाई, दळणारी बाई, लाटणारी बाई, मग मोजलेल्यांत बाई का नाही? तुमची माय म्हणायची, याला आधी जेवायला वाढ, भूक लागली की बडबडतो. तो वाद तसाच राहिला बघा.

त्याच वर्षी तुम्ही कॉलेजातून तो छोटा तराजू मागून आणला होता. मी नवी सून, ओसरीत गहू पाखडत होते आणि पदराआडून तुमची गंमत बघत होते. "माय, मूठ हे काय माप आहे? कोणाची मूठ? वहिनीच्या हाताची घेतली तर रोट अर्धा होईल." माय म्हणाली, "मना हात, तिनं माप." हात मायचा, माप कानबाईचं. तुम्ही हट्टानं तिची एकेक मूठ, वरच्या पावासकट, परातीत पडायच्या आधी तराजूत घेतली. सत्तर ग्रॅम. दुसरी, सत्तर. तिसरी, सत्तर. तुम्ही हसत होतात. मग तिला डोळे मिटून घ्यायला लावलंत. सत्तर. डाव्या हातानं घ्यायला लावलंत. सत्तर. तेव्हा तुमचं हसू गेलं. तुम्ही तराजू उलटासुलटा करून पाहिलात, वजनं पुसून पाहिलीत, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंत की माझ्या हातातलं सूप थांबलं. माय आपली पुढचं नाव घेत होती. तिला त्याचं काहीच नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही एक हिरव्या पुठ्ठ्याची वही काढलीत आणि पहिली ओळ लिहिलीत. नंतर ती वही मी विसरले. सत्तर हा आकडाही विसरले.

मायची तुमच्या आधीची दोन लेकरं गेलेली. तुम्हाला तिनं कानबाईकडून मागून आणलं, म्हणून नाव भिकन. तिकडचे लोक म्हणे तुम्हाला बिक म्हणायचे. तुमच्या निवडणुकीच्या फलकावर पण बिकच. फोटो आला तेव्हा मी मायला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, अर्धंच नाव लिहिलंय, उरलेलं कुठं गेलं?

हरभऱ्यापायी तुम्ही गेलात. उभ्या पिकाला मर लागते, चांगलं हिरवं झाड चार दिवसांत मान टाकतं, त्यावर तुमचं सगळं डोकं चालायचं. तिकडं त्यांना तसंच माणूस हवं होतं. बरं झालं, असं मीच म्हटलं होतं. मग पुष्कळ वर्षांनी तुमचा फोन, की तिकडचं संशोधन केंद्र सरकारनं बंद केलं आणि तुम्ही निवडणुकीला उभे राहताय. मी हसले. म्हटलं, "तुम्ही? गावच्या सोसायटीला उभे राहिलात तर पडाल!" तुम्ही पण हसलात. मग म्हणालात, "वहिनी, वीस वर्षं बी देत आलो. एका सहीनं सगळं गेलं. आता सही करतात तिथं जाऊन बसावं म्हणतो." हे मला पटलं होतं हो. तुमच्या जिद्दीचं मला कायम कौतुक वाटलं, मी ते तुम्हाला म्हटलं नाही इतकंच.

पण तिथं बसायला आपला पासपोर्ट परत करावा लागतो, हे तुम्ही मागाहून सांगितलंत. मायनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "तू आमनाच ऱ्हाशी ना?"

"कागद बदलस माय, मी नही."

तिला तेवढं पुरलं. त्या श्रावणात तिनं तुमची मूठ टाकली, जशी दरसाल टाकायची तशी. ती तिची शेवटची कानबाई.

पुढच्या वैशाखात माय गेली. तुमचं मतदान आठ दिवसांवर आलेलं. तुम्ही आला नाहीत. मला सगळी कारणं माहीत आहेत, तुम्ही दहा वेळा सांगितलीत, माझ्यापुढं रडलातही. पण तिला अंगणात ठेवलेलं, आणि मी फोन धरून उभी, आणि फोनमध्ये तुमच्या मागं तो निळा फलक, बिक. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. तुम्ही विचारलंत, मायनं शेवटी माझं नाव घेतलं का? मी नाही म्हटलं. ते मात्र खरं होतं, ती दोन दिवस बोललीच नव्हती. एक सांगायचं राहिलं. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. आंघोळ घालताना आम्ही दोघीतिघींनी मिळून बोटं सोडवली. आत काही नव्हतं. पण हात मोकळा झाला तसा गव्हाचा वास आला, नुकत्या पाखडलेल्या गव्हाचा. वैशाखात घरात कोण गहू पाखडतं?

तुम्ही निवडून आलात. शपथ घेतानाची तुमची फीत माझ्या थोरल्यानं मला मोबाइलवर दाखवली. हात वर, चेहरा गंभीर. भिकनभाऊ, चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. मला ती फीत पुरती बघवली नाही.

आणि मग श्रावण आला, आणि मुठी टाकायचं माझ्यावर आलं. क्रम मायचाच ठेवला. आधी तुमचे दादा, मग तुम्ही, मग माझे दोघं मुलगे, दोघं नातू, गुलाबभाऊ आणि त्यांचे दोघं. तुमच्या दादांचं नाव घेतलं, मूठ टाकली. तुमच्यावर आले आणि जीभ अडली. मनात म्हटलं, ज्यानं तिकडं हात वर केला त्याची मूठ इथं कशाला? आणि सरळ थोरल्याचं नाव घेतलं. आठ मुठी झाल्या. मी मोजल्या, शाळेत पोरं मोजतात तशा मोजल्या. आठ.

चार वाजता फोन. "वहिनी, कितल्या मुठी व्हयन्यात?"

"नऊ," मी म्हटलं.

तुमचा आवाज नेहमी थोडा उशिरा यायचा. त्या दिवशी आधी माझाच आवाज परत आला, समुद्र ओलांडून, हळू. नऊ.  मग तुम्ही विचारलंत, "वजन?" तुम्हीच आणून दिलेल्या त्या बॅटरीच्या काट्यावर परात होती. मी आकडा वाचला, सहाशे तीस. तुम्ही तिकडं काहीतरी लिहिलंत. मग म्हणालात, "मायचीच मूठ शे, वहिनी."

मला वाटलं, मला खूश करताय. चौथीला भागाकार शिकवणारी बाई मी, पण तो एक भागाकार मी केला नाही. खोटं बोलून मोकळं झालेलं माणूस कशाला आकडे तपासत बसेल?

दुसऱ्या वर्षी राग ओसरला होता. तरी टाकली नाही. एकदा वगळलं की परत घ्यायला तोंड राहत नाही, निदान माझ्यासारखीला तरी. तिसऱ्या वर्षी तर भीतीच वाटायला लागली. तुमच्या दादांची मूठ टाकून झाली की पुढचं नाव घ्यायच्या आत हात गव्हात गेलेला असायचा. मी तो झटकून रिकामा करायची आणि मग थोरल्याचं नाव घ्यायची. फोनवर नऊ सांगायची. वजन काट्यावर दिसेल ते सांगायची. तुम्ही तिकडं लिहून घ्यायचात, पेनाचा आवाज यायचा.

मग पाचव्या वर्षी तुम्ही नेमके श्रावणात आलात. शनिवारी सकाळी जळगावला डाळ मिलवाल्यांनी तुमचा सत्कार ठेवला. तिकडचा हरभरा जहाजानं येतो आणि जळगावच्या गिरणीत त्याची डाळ होते, तर त्यांना तुमचं प्रेम असायचंच. शाल, श्रीफळ, फेटा. तुम्ही छान बोललात. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि मनात उकळत होते. परतीच्या गाडीत एरंडोल येईपर्यंत धीर धरला, मग सुटले. "तुमचा हरभरा आला की आमचा हरभरा कवडीमोल होतो, हे बोलला नाहीत ते भाषणात!"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "वहिनी, मला तिथल्या शेतकऱ्यांनी निवडून दिलंय. मी त्यांच्याच बाजूनं बोलणार."

"आणि आम्ही?"

"तुमची बाजू तुम्ही निवडून दिलेल्यांनी घ्यावी."

बरोबर होतं तुमचं. म्हणून तर आणखी संताप आला. पारोळ्यापर्यंत आपण दोघं खिडकीबाहेर बघत होतो. मग तुम्ही एकदम, लहान पोरासारखं विचारलंत, "वहिनी, माझी मूठ तर टाकता ना?"

"टाकते की," मी म्हटलं. तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि डोकं मागं टेकून डोळे मिटलेत. माझं ते एक वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्या दुपारी तुम्ही धुळ्याला कामाला उतरलात आणि चारचा फोन तिथूनच केलात; मी नऊच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही रोटाला बसणार. आता काय करू? मूठ नाही आणि रोट खाल्ला तर देवीचा दोष, तो तुम्हालाही आणि मलाही. मी गुपचूप डब्यातल्या रोजच्या पिठाच्या तीन पुरणपोळ्या केल्या, वेगळ्या डब्यात ठेवल्या, त्या तुम्हाला वाढायच्या म्हणून. पंगत बसली. डबा उघडला तर रिकामा. सूनबाईला, कविताला विचारलं, ती म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही आई." रोटाच्या थाळीतही मोजून केल्या होत्या तेवढ्याच पोळ्या, तीन जास्त नाहीत. मी दोनदा मोजल्या. त्या तीन कुठं गेल्या ते मला आजवर कळलेलं नाही. तुमच्या ताटात शेवटी रोटच पडला. तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "वहिनी, तिकडं बाकी सगळं मिळतं." मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

या आषाढात तुम्ही गेलात. तिकडं हरभऱ्याची पेरणी चालू होती म्हणे, कोणा शेतकऱ्याचं रान बघायला गेलात आणि बांधावर बसलात ते बसलात. नीरा म्हणाली, बाबांच्या उजव्या हातात माती होती. मी तिला पुढं काही विचारलं नाही.

परत जायच्या आधी मला दाखवायची म्हणून तिनं गेल्या आठवड्यात बॅगेतून ती वही काढली. हिरवा पुठ्ठा, कडा झिजलेल्या. "बाबांच्या खणात होती. सगळं मराठीत आहे, मला वाचता येत नाही. तू वाच." मी चष्मा लावला. चार रकाने. वर्ष, मुठी, वजन, एक मूठ. तुमचं अक्षर कॉलेजातलं, मग मोठं झालेलं, मग थोडं कापरं. कधी मुठी सात, कधी दहा, घरात कोणी जन्मलं, कोणी गेलं तसं. शेवटचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत एकच. सत्तर, सत्तर, सत्तर.

मग माझी सात वर्षं आली. नऊ, सहाशे तीस, सत्तर. सातही ओळी तशाच.

मी खाली बसले. आठ मुठी होत्या, भिकनभाऊ. मी टाकलेल्या, मी मोजलेल्या. माझ्या आठ मुठींचं वजन नऊ मुठींचं भरत होतं, दरसाल, आणि मीच ते वाचून तुम्हाला सांगत होते. शेवटच्या ओळीपुढं तुम्ही लिहिलं होतं, "वहिनीचा हात मायपेक्षा लहान आहे. तरी सत्तर. कसं?" आणि त्या कसं-खाली दोन रेघा.

मी तडक उठून कोठीतले गहू काढले. नाव न घेता, नुसतीच मूठ घेतली, वरच्या पावासकट, आणि काट्यावर टाकली. बावन्न. परत, अठ्ठावन्न. परत, पंचावन्न. लहानच आहे माझा हात. मग तुमच्या दादांना धरलं. "खरं सांगा, परातीत तुम्ही मूठ टाकायचात का, माझ्या मागं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मला वेड लागलंय. "मी कसाले टाकू? तूच टाकस ना त्यानी मूठ." म्हणजे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं की मी टाकत नाही. तेव्हा मात्र मला रडू आलं.

कबूल करते. मी तुम्हाला वगळलं. रागानं वगळलं, मग हट्टानं, मग भीतीनं. आणि तुम्ही तरी येत राहिलात. कोणी आणलं तुम्हाला, मायनं की कानबाईनं की तुम्ही स्वतःच, ते मला ठाऊक नाही आणि विचारायची हिंमतही नाही. पण सात वर्षं माझ्या घरात तुमची जागा माझ्याशिवाय कोणीतरी राखत होतं, एवढं खरं. त्याचे उपकार कोणाचे मानू?

म्हणून मी ठरवलं, या साली तुमची मूठ टाकायचीच. गुलाबभाऊ म्हणाले, "वहिनी, वरीस व्हऊ द्या, अवंदा रोटच नको." तुमचे दादा म्हणाले, रोट कुळाचा आहे, वाजंत्री नको, रोट होईल. मुठीचं मी कोणालाच बोलले नाही. गेलेल्याची नसते, मला का माहीत नाही? सगळ्यांना मीच सांगत आले. पण सात मुठींची मी देणेकरी, त्यातली एक तरी माझ्या हातानं पडू दे, मग देवी काय करायचं ते करो.

आज दुपारी नीराला जवळ बसवलं. म्हटलं, तू काटा धर आणि आकडा वाच, माझे डोळे आता नीट चालत नाहीत. डोळ्यांचं निमित्त होतं. मला साक्षीदार हवा होता. तुमच्या दादांचं नाव घेतलं, मूठ टाकली. मग श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, भिकन. पूर्ण नाव, अर्धं नाही. मूठ भरून घेतली, वरची पाव घेतली, आणि टाकली. परातीत गहू पडल्याचा आवाज आला, नीरानंही ऐकला. तिनं माझा हात धरला. मग थोरला, धाकटा, दोघं नातू, गुलाबभाऊ, त्यांचे दोघं. नीरा बोटांवर मोजत होती. नऊ बोटं तिनं मला दाखवली.

"वाच," मी म्हटलं.

तिला आपले मोठे आकडे सलग येत नाहीत, सुटे वाचते. "पाच. सहा. शून्य."

"परत वाच."

"पाच, सहा, शून्य, मोठी आई."

मी परात उतरवली. एक किलोचा मिठाचा पुडा आणून काट्यावर ठेवला. एक किलो बरोबर दाखवला. परात परत ठेवली. पाचशे साठ. या वेळी भागाकार मी लगेच केला. सत्तरानं, आठ.

नीरा म्हणाली, "अजून एक टाक ना." मी नाही म्हटलं. नाव घेऊन टाकलेली मूठ परत काढत नाहीत आणि एका नावाची दोनदा टाकत नाहीत. तिला काही कळलं नाही. तिनं नुसतं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी त्या गव्हाकडं बघत बसलो. मी नको म्हणत होते तेव्हा तुम्ही दरसाल आलात. आज नाव घेऊन बोलावलं, तुमच्या लेकीच्या देखत बोलावलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. फोन गप्प होता. पण सवय वाईट, मला ऐकू आलंच तुमचं विचारणं, म्हणून मी परातीकडं बघतच मोठ्यानं सांगितलं. या वेळी खोटं नाही सांगितलं, भिकनभाऊ. नऊ टाकल्या होत्या, नीरा साक्षीला आहे.

आठ व्हयन्यात.